मनगटावरचा चहाडखोर

आमच्या घरात तीन माणसं. मला आणि माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही. तिसऱ्या सासूबाई, त्यांना भिंतीपलीकडची कुजबुजसुद्धा ऐकू येते. घरात सगळे हातांनीच बोलतो आणि हातांनीच भांडतो. सासूबाईंनी पहिल्याच भेटीत माझं नाव ‘पंखा’ ठेवलं. बोट वर करून गरगर फिरवलं की ती मी, कारण माझे हात म्हणे थांबतच नाहीत. मी तेव्हा नवी होते म्हणून हसले.

मी ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत सगळ्यात लहान वर्गाला शिकवते. ही मुलं येतात तेव्हा त्यांच्याजवळ पाणी, भूक, आई एवढेच इशारे असतात. मी त्यांना गोष्टी सांगत बसते, आणि एक दिवस त्यातलं कुणीतरी ‘का?’ असं विचारतं. यंदाच्या वर्गाने नुकतंच ‘का’ विचारायला सुरुवात केली होती आणि मला नुकताच सहावा महिना लागला होता. काही झालं तरी नवव्यापर्यंत मला हा वर्ग सोडायचा नव्हता.

दवाखान्यात तेव्हा एक पाहणी चालली होती, गरोदर बायका दिवसभरात किती हालचाल करतात याची. नर्सबाईंनी माझ्या डाव्या मनगटावर घड्याळासारखा पट्टा बांधला आणि कागदावर लिहून दिलं, अंघोळ सोडून काढायचा नाही. मीही हौसेने बांधून घेतला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंना सर्दी झाली होती. एरवी मी त्यांचे ओठ वाचते, पण त्या दिवशी तोंडावर मास्क. दुभाषी म्हणून नेहमीप्रमाणे सासूबाई. डॉक्टरबाई कॉम्प्युटरवरचा आलेख दाखवत बराच वेळ बोलल्या. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या.

“हालचाल फार आहे. शाळा सोड.”

“एवढं सगळं बोलल्या, त्याचं एवढंसंच?”

“बाकीचं डॉक्टरी होतं.”

माझा विश्वास बसेना. मी दिवसभर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून असते, हालचाल कुठून आली? दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. मी वर्गात हत्तीची गोष्ट सांगत होते. हत्ती चिखलातून धावत सुटला आणि मनगट थरथरलं. पट्ट्यावर एक चिमुकला माणूस नाचत होता, शाब्बास, भरपूर चाललात. मी जागची हललेही नव्हते. हत्तीची सगळी चाल त्या शहाण्याने माझ्या नावावर मांडली होती.

घरी जाऊन मी सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं.

“मग डावा हात गप्प ठेव. पुढच्या तपासणीपर्यंत. पट्ट्याचा आकडा खाली आला तर शाळा, नाही तर घर.”

“ठेवते,” मी म्हटलं. राग माझ्या नाकावरच असतो.

रागाला कारणही होतं. सासूबाई पोटुशी असताना लाँड्रीत जड इस्त्र्या उचलायच्या. तेव्हा राबले म्हणूनच मुलाचे कान गेले, हे त्यांच्या मनाने घेतलंय. तसं काही नसतं हे किती डॉक्टरांनी सांगितलं, पण छे. म्हणजे माझा नवरा, उत्तम सुतार, करवतीच्या आवाजाचा अख्ख्या गल्लीला त्रास होतो पण याला नाही, असा सुखी माणूस, हा त्यांच्या लेखी एक अपघात होता. तसा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून मी आडवं पडून राहायचं होतं. ते मला फार लागलं. आमच्या घरात ऐकू न येणारं मूल आलं तर नेमकं काय अडणार होतं?

तर मी डावा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि एका हाताने बोलू लागले. एका हाताने बोलणं म्हणजे अर्धी अक्षरं खाऊन बोलणं. ‘घर’ म्हणायचं तर दोन्ही हातांचं छप्पर लागतं. माझं एकाच उताराचं व्हायचं, पावसाने पडल्यासारखं. वर्गातल्या मुलांनी दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी पहिल्या रांगेतली एक पोरगी उठली, माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि तिने आपला हात माझ्या बोटांना टेकवून छप्पर पुरं केलं. मग रोज आळीपाळीने एकेक मूल माझा डावा हात होऊ लागलं. यांना सोडून घरी काय म्हणून बसायचं?

इकडे सासूबाईंच्या लक्षात आलं की सून जिंकते आहे. त्यांनी आगीत तेल ओतायला सुरुवात केली. नवरा बाळासाठी पाळणा करत होता. संध्याकाळी जेवायला बसलो की त्या सहज म्हटल्यासारखं म्हणायच्या, “पाळणा माझ्या खोलीत राहील.” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, मांडीखालचा हात उसळी मारायचा. मी उजव्या हाताने जेवढं भांडता येईल तेवढं भांडायचे.

“काही कळलं नाही,” सासूबाई म्हणायच्या. “दोन्ही हातांनी बोल.”

नवरा मान खाली घालून जेवायचा. आमच्यात मान खाली घातली की काहीच ऐकू येत नाही, ही त्याची जुनी युक्ती.

शेवटी मी चिडून घरात उजवा हातही बंद केला. शाळेतून आले की हाताची घडी. पहिल्या दिवशी सासूबाई खूश दिसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीनदा पाळण्याचा विषय काढला, मी नुसतं पाहिलं. मग त्या रेडिओ लावून बसल्या आणि थोड्या वेळाने तो बंद करून टाकला. नवरा म्हणाला, “घरातले दिवे गेल्यासारखं वाटतंय.”  सासूबाई माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मलाही आतून रडू येत होतं. गप्प बसण्याची मला सवय नाही, आणि हे सासूबाई कबूल करणार नाहीत, पण भांडायला त्यांच्याइतकं चांगलं माणूस मला दुसरं मिळालेलं नाही.

आठवड्याभराने त्या माझ्या खोलीत आल्या. जमिनीवर पाय आपटून त्यांनी माझं लक्ष वेधलं.

“बोल ना काहीतरी.”

मी मनगट वर करून पट्टा दाखवला. त्या पट्ट्याकडे बघून निघून गेल्या.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंची सर्दी बरी झाली होती. मास्क नव्हता. नर्सबाईंनी आलेख काढला. आधी दिवसभर लहानमोठे चढ आणि रोज संध्याकाळी एक डोंगर, मग नुसत्या टेकड्या, मग सपाट मैदान.

“आधी संध्याकाळी पळायला जात होत्या का?” नर्सबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी ते माझ्यापर्यंत आणलंच नाही, परस्पर उत्तर दिलं. त्यांचे ओठ मी स्पष्ट वाचले. “नाही, भांडायची. पट्टा हातावर आहे, आणि ही हातांनी बोलते.”

डॉक्टरबाई आधी पट्ट्याकडे, मग माझ्या हातांकडे बघून कपाळावर हात मारून हसल्या. पुढच्या वेळी पट्टा कमरेला बांधायचं ठरलं. मग त्या माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, “बाळ छान आहे. दमत असाल तर घरी विश्रांती घ्या, नसाल तर शाळा चालू ठेवा. तुमच्या मनावर. गेल्या वेळीही मी हेच म्हटलं होतं.”

हे मी शब्दन् शब्द वाचलं. सासूबाईंना माझं ओठवाचन चांगलं माहीत आहे. तरीही त्या माझ्याकडे वळल्या, पदराने कपाळ पुसलं आणि दोन्ही हात वर केले.

“डॉक्टर म्हणतात, शाळा चालूच ठेवायची. सक्ती आहे.”

“सक्ती?”

“सक्ती. आणि घरी आल्यावर गप्प बसायचं नाही. आईचे हात हलताना दिसले पाहिजेत, असं म्हणतात. मुलाला उद्या बोलायचंय त्याच हातांनी.”

 पण सूनबाईंनी एवढ्यावर विरघळायचं नसतं. कितीतरी दिवसांनी मी डावा हात उचलला.

“आणि गेल्या वेळी काय म्हणाल्या होत्या, आई?”

सासूबाईंनी डोळ्याला डोळा भिडवला.

“गेल्या वेळी मास्क होता. मला नीट ऐकू आलं नाही.”

मी दोन्ही हातांनी जे बोलायला सुरुवात केली, ते रिक्षात बसेपर्यंत थांबले नाही. सासूबाई मध्येच एकदा म्हणाल्या, “पाळणा मात्र माझ्याच खोलीत.” आणि माझं मनगट थरथरलं. तो चिमुकला माणूस पुन्हा नाचत होता.