एक ते चारची तपासणी

बुर दुबईतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी फोन उचलायच्या कामाला लागले होते. दोन हजार तीन सालापर्यंत रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी, तपासणंही माझ्याकडे आलं. शिकवलं कोणी नाही. टेक्निशियन सुजीत सुट्टीवर गेला की मी त्याच्या खुर्चीत बसायचे, एवढंच. फ्लॉपी घालायची, पडद्यावर तपासणी सुरू होते, चूक सापडली की लाल ओळ येते.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या खैरुद्दीनभाई गॅरेजवाल्यांना मी सगळ्यात फास्ट, चारशेची रॅम पास करून दिली होती. ती दोनदा परत आली. दोन्ही वेळा आमच्याकडे एकही लाल ओळ नाही.

"मॅडम, तिसऱ्यांदा आली तर तपासणी सुजीतकडे," आमचे मालक विजयकुमार म्हणाले. "तुम्ही फोन छान उचलता."

स्तुतीच होती ती. मी फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि शारजा गाठलं.

"रोज चारला येऊन बघतो तर कॉम्प्युटर मेलेला," खैरुद्दीनभाई म्हणाले. "सकाळी बघा, कसा शहाण्यासारखा वागतो."

"चारच्या आधी काय करता?"

"एक ते चार खलास. एसी बंद, शटर बंद. घरी जेवतो, झोपतो."

"आणि कॉम्प्युटर?"

"तो चालूच. बंद केला की उठायला फार वेळ लावतो."

ऑगस्ट होता. आमची तपासणी नेहमी सकाळची, एसीतली.

"आज मी बसते इथे. एसी बंदच ठेवा."

"ताई, माणूस शिजतो हो आत."

"बघते ना कोण आधी शिजतं."

अर्धं शटर उघडं ठेवून, दोन पाण्याच्या बाटल्या देऊन ते गेले. जाताना दुआ पुटपुटले. माझ्यासाठी की रॅमसाठी, कळलं नाही.

पावणेतीनला पहिली लाल ओळ आली. लेकीच्या दहावीच्या निकालालाही मी इतकी खूश झाले नव्हते. रॅमचा वेग तीनशे तेहतीसवर आणला, पुन्हा तपासणी लावली. चारपर्यंत पडदा स्वच्छ.

खैरुद्दीनभाई हिरमुसले. "पण मी चारशेची घेतली होती."

"एक ते चार तुम्हीसुद्धा झोपताच की."

त्यांनी विचार केला. "खरंय. त्याला बिचाऱ्याला कोणी घरी नेलंच नाही."

दुकानात येऊन मी सगळं सांगितलं. यापुढे रॅम गरमीतच तपासायला हवी, म्हटलं.

"रोज तीन तास, एसी बंद करून?" विजयकुमारांनी सुजीतकडे पाहिलं. सुजीतने छताकडे. "तपासणी तुमच्याकडेच राहू दे, मॅडम."

दुसऱ्या दिवशी एकला सगळे जेवायला गेले. मी एसी बंद केला, तपासणी लावली आणि डबा उघडला. आमटी गरम करावी लागली नाही.