गुरुजींचा कान

नाकाडोंगरीच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात तेव्हा पोराला शाळेत घालायला जन्माचा दाखला कोणी मागत नसे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला, की पोर पहिलीत. कान हाती आला नाही, तर पुढच्या वर्षी या.

माझी भाची चंद्रकला हिचा हात केव्हाच कानापर्यंत पोचत होता. पण ती कोणाचं ऐकेल तर शपथ! बोलत नसे, हाक मारली तर वळत नसे, अंगाला हात लावला की किंचाळून घर डोक्यावर घेई. तेंदूची पानं एकापुढे एक लावत तासन्‌तास बसे. पाणी हवं असलं, की जवळ असेल त्याचं मनगट धरून त्याचाच हात माठावर नेऊन ठेवी. याला काही नाव असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नावं ठेवणारे मात्र घरोघरी होते. कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे आईचे लाड. तिची आई, माझी वहिनी लीलाबाई, तेवढी म्हणे, "बाई, इले सारं समजते. शाळेत बसू तं द्या."

मागच्या वर्षी गुरुजींनी तिला परत पाठवलं होतं. यंदाही पाठवलं, तर माझा भाऊ तिला कायमची घरी बसवणार होता.

उन्हाळाभर मी तालीम घेतली. तिला हात लावायची सोय नाही. म्हणून "कान धर" म्हणायचं आणि माझाच हात माझ्या डोक्यावरून नेऊन माझाच कान धरायचा. शेजारणी म्हणाल्या, आता आत्याही गेली कामातून. चंद्रकला तर माझ्याकडे बघतही नव्हती. मला असा राग यायचा!

शाळा उघडली. वहिनी आणि मी चंद्रकलेला घेऊन गेलो. वासुदेवराव गुरुजी खुर्चीत बसले होते. ते नुसते खाकरले तरी पोरांची चड्डी ओली व्हायची.

"कान धर," गुरुजी म्हणाले.

चंद्रकला कौलांकडे बघत राहिली.

"इले काही समजत नाही जी. कायले ओढताण करता? घरीच राहू द्या," गुरुजी वहिनीला म्हणाले.

वहिनीचा चेहरा उतरला. मी काही गप्प बसणारी नव्हे. "येकडाव अजून म्हणून तं पाहा, गुरुजी!"

"कान धर," गुरुजी कंटाळून म्हणाले.

चंद्रकला शांतपणे पुढे गेली. तिने गुरुजींचं उजवं मनगट धरलं, हात त्यांच्या टोपीवरून पलीकडे नेला आणि त्यांच्याच डाव्या कानावर ठेवला.

पोरं खिदळली. मला मात्र लख्ख कळलं. पोरगी शिकली होती! जे दाखवलं तेच शिकली होती: "कान धर" म्हटलं, की मोठ्या माणसाचा हात त्याच्याच कानावर जातो. मी गुरुजींना तसं सांगितलं. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "म्हंजे इले समजते. शिकवाचा रस्ता आपल्यालेच पाहा लागन."

चंद्रकला हात सोडेना. त्यांनी तो काढून घ्यायला पाहिलं, तर ती किंचाळायच्या बेतात आली. मग वासुदेवराव गुरुजींनी, साऱ्या पोरांसमोर स्वतःचा कान तसाच धरून, डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरात तिचं नाव पहिलीच्या हजेरीत लिहिलं.