शकुच्या डोळ्यांसाठी काळे-पांढरे पट्टे

धोंडिराम अकरा वर्षं म्युनिसिपालटीत फुटपाथच्या कडा रंगवत होता. एक हात पांढरा, एक हात काळा, पुन्हा पांढरा. घाटकोपर स्टेशनापासून हायवेपर्यंत त्याच्या हाताखालून न गेलेला दगड नव्हता. आणि एवढ्या जगाला लांबून दिसेल असं रंगवणाऱ्या या माणसाकडे त्याची स्वतःची मुलगी बघत नव्हती.

शकु दीड महिन्याची झाली होती. आईचा, नंदाचा, चेहरा दिसला की डोळे मोठे करायची, असं नंदाच सांगायची. पण आईचं काय, आई सगळंच सांगते! धोंडिराम दारातून "शकुडे, ए शकुडे" करून घसा कोरडा करायचा आणि पोरगी आपली आढ्याकडे बघत पडलेली. त्याच्या मनात एकच किडा वळवळायला लागला, पोरीला दिसत नसेल तर? तोंडानं बोलायची हिंमत नव्हती, पण जेवण जाईना.

शेवटी दोघं तिला दवाखान्यात घेऊन गेली. सिस्टरनं आधी पोरीच्या डोळ्यांतलं बचकभर काजळ पुसलं आणि नंदाला झापलं. मग बॅटरी मारून बघितली. म्हणाली, "डोळे चांगलेत हो. एवढ्या लहान बाळाला वीत-दीड वीतभरच दिसतं. काहीतरी ठळक, काळं-पांढरं दाखवत जा, अगदी जवळून. आठ दिवसांनी बघा."

आता यातलं "जवळून" धोंडिरामनं ऐकलंच नाही. काळं-पांढरं म्हटल्यावर गडी असा खुलला, की विचारू नका. हे तर आपलंच खातं!

रविवारी त्यानं स्वतःच्या पैशानं दोन डबे आणले, सुतळी लावून आखणी केली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोली रंगवली. समोरची भिंत झाली. मग हात थांबेना म्हणून ट्रंक, पाण्याचं पिंप, खाटेचे पाय, मोरीचा कठडा. बाबासाहेबांच्या तसबिरीभोवती हातभर जागा मात्र त्यानं कोरी सोडली.

शेजारच्या सुंदराबाई साखर मागायला आल्या त्या उंबऱ्यातच थबकल्या. "अगं बया! नंदे, हे घर आहे का नाका? मी जाऊ का थांबू?"

"मला विचारू नका, मावशी," नंदा म्हणाली. "भाकरी थापताना गरगरतंय. काल पिंपच दिसलं नाही, गुडघा फुटला."

"पोरीच्या डोळ्यांसाठी आहे ते," धोंडिराम गुरगुरला.

रोज कामावरून आला, की तो पट्ट्यापट्ट्यांच्या ट्रंकेवर बसून वाट बघायचा. खोलीच्या या टोकाला तो, त्या टोकाला शकुची झोळी. कारण नंदाची सक्त ताकीद होती: टर्पेंटाइनचा वास घेऊन बाळाजवळ यायचं नाही, आधी आंघोळ. आंघोळ होईतो पोरगी झोपलेली. आठ दिवस गेले. शकुनं त्या भिंतीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

आठव्या संध्याकाळी तो ट्रंकेवर बसला आणि त्याचा धीरच सुटला. "नंदे, दिसत नाही गं तिला. एवढी भिंत दिसत नाही, तर काय दिसणार?" एवढा दांडगा माणूस, हुंदका देऊन रडायला लागला. नंदाही रडायला लागली. झोळीतली शकु तर आधीपासूनच रडत होती.

तो कालवा ऐकून सुंदराबाई धावत आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, पोरगी झोळीत, भिंत बाहेर! तिला दिसायचं कसं? डोकं घाल बघू आत!"

धोंडिराम गुडघ्यावर बसला आणि झोळीत डोकं घातलं. आत काय होतं? नंदाचं जुनं हिरवं लुगडं. इकडे हिरवं, तिकडे हिरवं. भिंत नाही, ट्रंक नाही. आठ दिवस बिचारीनं नुसतं लुगडं बघितलं होतं.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, शकु गप्प झालीय. त्याच्या एका भुवईवर पांढरा रंग होता, नाकावर काळा. शकु टक लावून बघत होती. त्यानं मान डावीकडे नेली, डोळे डावीकडे आले. उजवीकडे नेली, तिकडेही आले.

"बघतेय! नंदे, बघतेय गं!" तो ओरडला. पण लगेच त्याचं तोंड उतरलं. "ती रंगाकडे बघतेय का माझ्याकडे?"

"झालं याचं सुरू," सुंदराबाई म्हणाल्या.

पण तो मोरीत गेलासुद्धा. रॉकेलच्या बोळ्यानं तोंड घासलं, साबण लावला, पुन्हा घासलं. टोमॅटोसारखं लाल तोंड घेऊन तो परत झोळीवर वाकला. आता चेहऱ्यावर रंगाचा ठिपका नव्हता. होता तो धोंडिराम, जसा होता तसा.

शकुनं बघितलं. भुवया बघितल्या, मिशी बघितली, मग थेट डोळ्यांत बघितलं. मग रॉकेलचा वास नाकात गेला, तिनं तोंड वाकडं केलं आणि चाळ हलेल असा टाहो फोडला.

"आधी बाजूला व्हा!" नंदा धावली.

धोंडिराम हसत हसत मागे सरकला. शकु रडत होती, पण त्याच्याकडे बघून रडत होती.