पडद्याची वजनं

चौसष्ट. सिस्टरने ट्रेमध्ये एकेक टाकत मोजल्या. स्कर्टच्या दुमडीतून चाळीस, जॅकेटच्या अस्तरातून चोवीस. शिशाच्या चपट्या चकत्या, प्रत्येकी पन्नास ग्रॅमच्या.

"हे काय असतं हो?"

"पडद्याची वजनं," तो म्हणाला. "खालच्या पट्टीत शिवतात. पडदा फुगत नाही, सरळ पडतो."

तो पडदे शिवायचा. त्याची पोरगी दुकानाच्या जिन्यात कोसळली, तसा मशीनवरून उठून तिला उचलून थेट इमर्जन्सीत घेऊन आला होता. टेप अजून गळ्यातच होती. दर रविवारी तो तिला घरच्या काट्यावर उभं करायचा. दोन महिने काटा चौतीस किलोवर होता. घसरत नाही ना, मग गाडी रुळावर येतेय, असं तो बायकोला सांगायचा.

त्याने स्कर्टची दुमड उलटून पाहिली. वरच्या बाजूला एकही टाका दिसत नव्हता. तुरपाई तिला त्यानेच शिकवली होती.

"नाडी अडतीस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयाने त्या पोरीपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. "हातांवरची ही बारीक लव बघा. अंगावर चरबी उरली नाही की शरीर अशी ऊब धरायला बघतं. हा न खायचा हट्ट नाही काका, आजार आहे."

"मग आधी पोटभर खायला घाला ना तिला!"

"नेमकं तेच करायचं नाही. इतकं उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं, की रक्तातलं फॉस्फरस झपकन उतरतं. आत्ता ते तीन आहे. एकच्या खाली गेलं तर हृदय दगा देऊ शकतं. खाणं आम्हीच देऊ, मोजून. बाहेरचं काही नाही. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने त्याच्यासाठी डबा धाडला. दूधभात आणि केळं. घरी तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे तिला हलता येत नव्हतं. तो पलंगाजवळ डबा उघडून नुसता बसून राहिला.

"बाबा, रागावलात?"

"नाही गं."

"टाके बघितलेत?"

"बघितले. सुरेख आहेत."

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी फसवलं तुम्हाला. दर रविवारी तुम्ही खूश व्हायचात, आणि मी..."

"गप गं, ढबू," तो बोलून गेला आणि जीभ चावली. लहानपणी गुबगुबीत होती, म्हणून घरात ढबू. हे नाव पुन्हा घेऊ नका, असं तिने दीड वर्षापूर्वी बजावलं होतं.

ती डब्याकडे बघत होती.

"द्या. आज खाते. खरं खाते, तुमच्यासमोर."

त्याने सिस्टरकडे पाहिलं. पलीकडे अपघाताचा पेशंट आला होता, सगळे तिकडे धावत होते.

"दोनच घास हं."

दोन घास झाले. तिने पुन्हा तोंड उघडलं. दीड वर्षात आपणहून तिने तोंड उघडलं नव्हतं. हातापाया पडून झालं होतं, शपथा घालून झाल्या होत्या. त्याचा हात थांबेना. ती डोळे मिटून, कडू औषध गिळावं तसा एकेक घास गिळत होती आणि मध्येच डोळे उघडून त्याच्याकडे बघत होती. केळंही संपलं.

"आता म्हणा ढबू," ती म्हणाली.

त्याने म्हटलं. मग डबा धुतला आणि बाहेर जाऊन बायकोला फोन लावला.

"जेवली गं! डबाभर जेवली!"

पलीकडून बराच वेळ फक्त हुंदके ऐकू येत राहिले. तोही रडला. डॉक्टरांना मात्र सांगितलं नाही; उगाच ओरडा कशाला खायचा.

सकाळी तिचे पाय सुजले होते. श्वास भराभर चालला होता, हात उचलवत नव्हता. हृदयाच्या मशीनवरची रेघ मध्येच अडखळत होती.

"काल काही दिलंत?" डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे न बघता विचारलं. हात पोरीच्या नाडीवर होता.

"डबा. माझा होता... सगळा."

त्या रागावल्या नाहीत. "रक्त पाठवा, तातडीने. फॉस्फेटची बाटली तयार ठेवा," एवढंच म्हणाल्या.

तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. पोरीचे ओठ हलले. तो वाकला, पण शब्द कळला नाही.

लॅबचा फोन वाजला. सिस्टरने उचलला, ऐकलं, आणि डॉक्टरांना ऐकू जावं म्हणून आकडा मोठ्याने म्हटला.

"फॉस्फरस, शून्य पूर्णांक सहा."