कुणाचा उजवा?

दहा वाजून दहा मिनिटांनी मामाने बटण दाबले आणि पारदर्शक माणसाच्या तोंडचे पाणी पळाले.

खरे तर ते तोंडापर्यंत पोचलेच नव्हते. दोन पुरुष उंचीच्या त्या प्रतिकृतीत पाणी हृदयातून उसळले, मानेच्या नळीत वीतभर चढले, आणि जिना चढताना धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखे तिथेच थबकले. डोके कोरडे ठणठणीत. फुप्फुसांच्या जागी लावलेल्या दोन रबरी पिशव्या मात्र टम्म फुगू लागल्या.

"बंद कर! मामा, बंद कर, फुटतील!" भाची शिडीवरून ओरडली.

मामाने बटण बंद केले. विज्ञान संग्रहालयाच्या त्या नव्या दालनात बाकी सारे सुरळीत वाहत होते. नाकतोड्याच्या पाठीतली एकुलती एक नळी पाणी पुढे ढकलून डोक्यापाशी सरळ देहाच्या पोकळीत ओतत होती. तिथे नळ्यांचे जाळे नव्हतेच, सारी इंद्रिये त्या पाण्यातच भिजत पडलेली. मासा एकाच पंपावर खूश होता. त्याचे पाणी कल्ल्यांतून जाई, तिथून परस्पर अंगभर फिरे आणि थकून परते. आठ पायांच्या ऑक्टोपसला तीन हृदये, दोन कल्ल्यांसाठी आणि एक अंगासाठी. शिवाय निळे रक्त. "एवढ्याशा जिवाला तीन पंप! याच्या घरी प्लंबर घरजावईच हवा," असे मामा पहिल्या दिवशी म्हणाला होता.

एकतीस वर्षे त्याने इमारतींच्या भिंतींत नळ गाडले होते. भिंत बुजली की काम अदृश्य. इथे प्रथमच त्याच्या नळ्या उघड्या उजेडात, दिव्यांसमोर झळकणार होत्या. पण दालन भाचीचे होते. दोन वर्षे तिने त्याची रेखाटने केली होती, आणि अकरा वाजता समिती येणार होती. माणूस चालला नाही, तर तो कोठारात जाईल आणि त्या भिंतीवर छापील चित्रफलक लागतील, असे समितीने स्वच्छ कळवले होते.

भाचीने झडपा तपासल्या. वीज तपासली. मग ती शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसली.

"माझंच चुकलं, मामा. उंचीचा हिशेब चुकला असणार. फोन करून सांगते त्यांना, येऊ नका म्हणून."

"थांब गं ठमाबाई. फोन कुठे पळून जात नाही."

मामा त्या फुगलेल्या पिशव्यांकडे एकटक पाहत होता. नळाच्या भाषेत त्याला सारे ऐकू येई. जिथे झुळझुळ हवी तिथे लोंढा, आणि जिथे लोंढा हवा तिथे थेंब. म्हणजे माणसाच्या हृदयातल्या दोन पंपांपैकी मोठा फुप्फुसांना लागला होता, आणि शेजारच्या फुप्फुसांपुरता असलेला धाकटा पंप बिचारा अख्ख्या देहाचा डोंगर चढत होता.

असे झाले कसे? त्याने रेखाटन उलगडले, आणि त्याचे बोट एका जागी अडले. कागदाच्या डाव्या अंगाला भाचीच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'उजवा कप्पा'. त्यावर पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि शेजारी दुरुस्ती: 'डावा'. अक्षर त्याचे स्वतःचे.

गप्प राहता आले असते. पेन्सिल खोडरबराने जाते. हिशेब चुकल्याचे ती मान्य करूनच बसली होती. मामा तिच्याकडे वळला.

"एक विचारू? उजवा म्हणजे कुणाचा उजवा?"

"म्हणजे?"

"माझा, का त्याचा?"

भाची उठून उभी राहिली. "त्याचा! अर्थात त्याचा! तो आपल्याकडे तोंड करून उभा आहे ना? शरीराच्या चित्रात नेहमी त्याचाच उजवा!"

"मग मेलो. मला वाटलं, पोरीनं घाईत उलटं लिहिलं. लहानपणी बूट उलटे घालायचीस तू. मी गुपचूप सुधारलं आणि पंपांची अदलाबदल केली."

"मला विचारायचंस तरी!"

"चारचौघांत तुझी चूक कशाला काढू?"

"माझी चूक नव्हतीच!"

"ते आत्ता कळलं ना!"

क्षणभर ती त्याला खाऊ की गिळू असे पाहत राहिली. मग तिला हसू फुटले, अनावर, डोळ्यांत पाणी आणणारे. "म्हणजे माझा हिशेब बरोबर होता?"

"सोळा आणे! चल, पाना दे. बत्तीस मिनिटं आहेत."

पंपाच्या दोन्ही अंगांना त्याने सोडवता येणारे सांधे बसवले होते. नळी न कापता पंप हाती यावा, ही त्याच्या धंद्याची पहिली शिस्त. सांधे करकरले, सुटले. पाणी त्याच्या बाहीत शिरले, भाचीच्या चपलांत शिरले. थोरला पंप त्या माणसाच्या डावीकडे गेला, धाकटा उजवीकडे. शेवटचा सांधा आवळताना मामाचेच हृदय कानांत वाजू लागले होते.

"हवा काढ वरून! टाळूवरची चावी उघड!"

"काढली! लाव!"

धप्प. पुन्हा धप्प. फुप्फुसे अलगद भरली, सायीसारखी हलली. तिथून परतलेले पाणी डाव्या कप्प्यात उतरले आणि थोरल्या पंपाने ते असे भिरकावले की प्रवाह दिसावा म्हणून पाण्यात सोडलेल्या चंदेरी कणांचा एक थवा मानेतून सुसाट वर गेला, कपाळामागे फुटला, बारीक नळ्यांत पसरला, आणि सारे मस्तक दिवे लागल्या शहरासारखे उजळले.

"पोचलं! मामा, पोचलं!" भाची ओल्या फरशीवर नाचू लागली.

दार उघडले. अध्यक्षबाई, स्वतः हृदयाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या, चार जणांसह आत आल्या आणि थारोळ्यापाशी थांबल्या. "गळतंय का?"

"नाही बाई," मामा बाही पिळत म्हणाला. "रक्ताचं पाणी केलंय, थोडं सांडणारच."

बाई हसल्या. त्यांनी महाधमनीच्या नळीवर तळवा ठेवला. एक ठोका, दुसरा, तिसरा. मग त्यांनी सोबतच्या चौघांना जवळ बोलावले. "हात लावून बघा. हे चित्रफलकात कुठून आणणार? फलक रद्द करा."

भाचीने मामाचा दंड घट्ट धरला. मामाचे लक्ष नव्हते. त्याने एक चंदेरी कण हेरला होता. तो डोक्यातून उतरून उजव्या कप्प्याकडे निघाला होता, आणि मामा मान वळवत, 'त्याचा उजवा, त्याचा उजवा' असे पुटपुटत त्याच्यामागे चालला होता.