राखणदाराला एसी चालत नाही

शेवटी चिमाबुवाचं पितळ उघडं पडलं आणि नितेशची गाडी सर्व्हिसिंगला गेली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरू. गाडी अजून वळणावर बंद आहे, बॉनेटमधून वाफ येतेय आणि निम्मा गाव हात जोडून वाफेचं दर्शन घेतोय.

राजापूरच्या वाटेवरच्या घाटातलं हे चढाचं वळण राखणदाराचं, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचं. त्याच्या मनात आलं की तो गाड्या अडवतो. आज गाडीत नितेश, त्याची आई सोनूबाई आणि नवी सून अक्षया. सोमवारपासून अक्षयाला राजापूरच्या दवाखान्यात नोकरीला याच गाडीतून जायचं होतं.

राखणदाराच्या मनातलं ओळखणाऱ्या चिमाबुवाने हातातला नारळ सांभाळत बॉनेटला कान लावला. चटका बसल्यावर म्हणाला, "लय तापलाय!"

"इंजिन?" अक्षयाने विचारलं.

"राखणदार! नवी सून गाडीत बसली, ते त्याला पटलं नाय. हिला परत गाडीत घेऊ नका."

"ऐकलंस ना गो? नोकरी राहू दे," सोनूबाई म्हणाली. नितेश टायर बघत राहिला. नवरे अशा वेळी टायरच बघतात.

बुवाने उपाय सांगितला. "एसी बंद, त्याला गार हवा चालत नाय. बॉनेट उघडा, त्याचा जीव घुसमटतो. अर्धा तास गाऱ्हाणं, तोवर चावीला हात लावायचा नाय. मग त्या पांढऱ्या टाकीत तीर्थ."

"राग माझ्यावर आहे ना? मग गाऱ्हाणं मीच घालते," म्हणत अक्षयाने ओढणी खोचली. "बा महाराजा, या नितेशने दोन वर्षांत ऑइल बदललं नाही!"

"व्हय महाराजा!" गर्दी सवयीने ओरडली.

"सर्व्हिसिंगचा फोन आला की कट करतो!"

"व्हय महाराजा!" यात सोनूबाईचा आवाज सगळ्यात मोठा.

"बॉनेटकडे बघतो तो दसऱ्याला, हार घालण्यापुरता!"

"व्हय महाराजा!" आता नितेशही म्हणाला.

विषयाला तोटा नव्हता. गाऱ्हाणं पलंगावरच्या ओल्या टॉवेलपर्यंत पोचलं तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. अक्षयाने टाकीत बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं, स्वतः गाडीत बसली आणि चावी फिरवली. गाडी सुरू!

"बघा, टाकी ठणठणीत कोरडी होती," ती म्हणाली. "हा पाइप फाटलाय, इंजिन गार ठेवणारं कूलंट गळून गेलं. चढाला इंजिन तापतं, बंद पडतं. निवलं की चालू होतं. गाऱ्हाणं कसलंही घाला."

सगळे बुवाकडे वळले.

"मुंबैला गॅरेजात होतो," बुवा पुटपुटला. "गावात आल्यावर सुरुवातीला कूलंट भरा म्हणूनच सांगायचो. कोण ऐकीना. राखणदार म्हटलं तर नारळ घेऊन आले."

"आणि माझ्यावर राग?"

"कोणावर तरी ढकलावं लागतं गो. तू नवीन."

सोनूबाईने बुवाच्या हातातला नारळ काढून घेतला. "आधी गाडी गॅरेजात ने," तिने नितेशला बजावलं. "सोमवारी ही पुढं बसणार."

तर मंडळी, कूलंट, ऑइल, ब्रेक वेळच्या वेळी तपासून घ्या. गाडीवर कुणाचा कोप होत नसतो, ती झिजते. आणि सून बसली म्हणून आजवर एकही पाइप फाटलेला नाही.

तरीही ज्यांना सर्व्हिसिंग जमणारच नाही, अशा वाहनधारकांच्या सोयीसाठी संबंधित खात्यास नम्र विनंती करण्यात येते की, सदर घाट जाताना व येताना, दोन्ही वेळेस उताराचाच करण्यात यावा.