सातशे किलोमीटरमधले अकरा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण मला रस्ता म्हणून विचाराल तर एकही ठाऊक नाही. मी व्यायामाची, जागच्या जागी फिरायची सायकल. मला पुढे एकच चाक आणि तेही जमिनीला टेकत नाही. नाशिकला पंचवटीतल्या एका घराच्या मागच्या पडवीत, पाण्याच्या पिंपाशेजारी मी उभी असते. माझ्या हँडलवर ओली फडकी वाळत घालतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र एक गोष्ट माझ्या मनात कितीतरी वर्षे अडकून पडली आहे. मला तोंड नाही, नुसता मीटर आहे, आणि त्या मीटरनेच घात केला.

माझा जन्म लुधियानाचा. तिथून ट्रकमध्ये उभ्याने, आग्रा रोडने हाडे खिळखिळी करत मी नाशिकला आले आणि रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात काचेमागे उभी राहिले. तांबडाभडक रंग, काळी सीट, चाकाभोवती पट्टा आणि तो घट्ट-सैल करायला एक गोल खुंटी. मी स्वतःला फार देखणी समजत असे.

अठ्ठ्याण्णव सालच्या पाडव्याला गोजराबाई दुकानात आल्या. माहेर सायखेड्याचे, वय पन्नाशीपार, अंगात नऊवारी, डोक्यावर पदर. सोबत यजमान रावजी आणि पुण्याला नोकरी करणारा मुलगा सोमनाथ. गोजराबाईंचे दोन्ही गुडघे झिजत चालले होते. डॉक्टरांनी सांगितले होते, "वजन उतरलं पाहिजे, पाय हलते राहिले पाहिजेत, पण गुडघ्याला हिसका बसता कामा नये. नाहीतर दोन-तीन वर्षांत काठी येईल." गोजराबाईंना काठीचे भय नव्हते, भय होते बुधवारच्या बाजाराचे. गोदाकाठी भरणाऱ्या त्या बाजारात त्या दर बुधवारी एकट्या, पायी जात. आठवड्यातले तेवढे दोन तास त्यांचे स्वतःचे होते. माहेरच्या बायका माळवे घेऊन येत, त्यांच्याशी बोलणे होई, गवारीच्या दोन शेंगा निवडता निवडता चार सुखदुःखे निवडून होत. ते पाय राहावेत एवढेच त्यांचे मागणे होते.

दुकानदाराने आधी चालायच्या पट्ट्याचे मशीन दाखवले. सोमनाथच्या मनात तेच होते, त्याच्या साहेबांकडे होते ना! गोजराबाईंनी पट्ट्यावर पाय ठेवला, पट्टा सरकला आणि त्यांनी मुलाची कॉलर धरली.

"अरे, हे तर पायाखालची जमीनच वढतंय! पडंन ना मी!"

मग पायऱ्या चढल्यासारखे पाय दाबायचे यंत्र आले. त्याच्याकडे त्यांनी नुसते पाहिले. "जिना चढू नका म्हणला डॉक्टर, आन् तू जिनाच इकत घेतो का?"

दुकानदार हसला आणि म्हणाला, "मावशी, या लाल सायकलवर बसून बघा. वजन सीटवर राहतं, गुडघ्यावर येत नाही." त्याने माझी सीट खाली घेतली, पट्टा अगदी सैल केला. गोजराबाईंनी काष्टा सावरला आणि टांग टाकून बसल्या. एक फेरा झाला, दुसरा झाला, दहा झाले. मग त्या लहान पोरीसारख्या हसल्या.

"दुखंना हो! लय हलकी हाय."

मित्रांनो, माझी निवड अशी झाली. दुसऱ्या कुणी नाही, ज्यांचे गुडघे होते त्यांनीच मला निवडले. त्या क्षणी मी मनातल्या मनात शपथ घेतली, की या बाईचे पाय मी राखीन. आता ती आठवण झाली की माझी मलाच लाज वाटते.

घरी माझे स्वागत नव्या सुनेसारखे झाले. नारळ फुटला, हँडलला झेंडूची माळ आली, शेजाऱ्यांना पेढे गेले. रावजींनी सीटवरचे प्लास्टिकही काढू दिले नाही. आणि मला ठेवले कुठे? बैठकीच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर पडेल अशा जागी.

इथे रावजींबद्दल सांगायला हवे. माणूस मनाचा चांगला, पण हौशी. उभा जन्म एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. कळवण, निफाड, सायखेडा, कुठल्या गावात कुणाची मुलगी लग्नाची आणि कुणाचा मुलगा नोकरीला, हे त्यांना गाड्यांच्या वेळांइतके पाठ. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोयरिकी जुळवायचे काम अंगावर घेतले. त्यामुळे घराला धर्मशाळेची कळा आली. सकाळी मुलाकडचे, दुपारी मुलीकडचे, आणि ज्यांची शेवटची गाडी चुकली ते माझ्याभोवती सतरंजीवर आडवे. पहाटे मी डोळे उघडावेत तर माझ्या पायडलला कुणाचा तरी फेटा टांगलेला.

अशा बैठकीत गोजराबाई टांग टाकून कशा बसणार? नऊवारी नेसून पायडल मारले की पोटऱ्या उघड्या पडतात आणि पदर घसरतो. समोर कुणाचे व्याही बसलेले, कुणाचे सासरे. पहिल्या आठवड्यात बैठक रिकामी सापडली तेव्हा त्या बसल्या, एक हात हँडलवर आणि एक पदरावर. पण बाहेर चपला वाजल्या की चोरी पकडल्यासारख्या उतरत आणि चहा टाकायला जात. त्यांनी मारलेला एकेक फेरा मला आठवतो. एकूण अकरा किलोमीटर झाले आणि ते तिथेच थांबले.

एकदा त्यांनी रावजींना म्हटले, "अहो, ती सायकल तेवढी आत घ्या ना, स्वयंपाकघराच्या मागं. मला बरं पडंल."

रावजी पंचांग बघत होते. "आत कोण बघणार तिला? पोरानं एवढ्या हौसेनं घेतलीय, आन् अडगळीत टाकायची? लोक काय म्हणतील!"

गोजराबाईंनी पाहुण्यांचे रिकामे कप उचलले. पुढे दोन-तीनदा त्यांनी शब्द टाकला आणि दर वेळी तो पाहुण्यांच्या गर्दीत चिरडला गेला. मला तिथून आतल्या दारापर्यंत जेमतेम सात पावले होती. माझ्या पायडलांना वाटेल तेवढे फेरे मारता येत होते, मित्रांनो, पण ती सात पावले काही मला चालता येत नव्हती.

आता मीटरचे ऐका. येणारे पाहुणे बसून बसून कंटाळत. एखादा उठे, माझ्यावर बसे आणि पन्नास फेरे मारी. मुलीचा बाप गमतीने म्हणे, "नवरदेवाला बसवा हो, दम बघू केवढा हाय ते!" आणि भावी जावई कान लाल होईपर्यंत पाय मारत सुटे. बरोबर आलेली पोरेटोरे तर माझ्यावरून उतरतच नसत. रावजी तेव्हा बोलण्यात गढलेले असत. कोण किती फिरवतो ते बघायला त्यांना सवड कुठली! पण मीटर निमूटपणे आकडा चढवत होता. तो रोज संध्याकाळी रावजी चष्मा लावून वाचत आणि स्टँडवरच्या आवाजात पुकारत, "आमची गाडी आज निफाड सोडून पुढं निघाली!" त्यांना वाटे, आपण बाहेर गेलो की बायको नेमाने व्यायाम करते. किती अभिमान होता त्यांच्या आवाजात!

दिवाळीला सोमनाथ आला. बॅग खाली न ठेवताच माझ्यापाशी आला आणि ओरडला, "आई, तीनशे वीस! म्हणजे धुळ्याला जाऊन परत आलीस की गं!" त्याने आईला मिठी मारली. गोजराबाईंचे ओठ हलले. खरे सांगायचे त्यांच्या मनात होते, मी पाहिले. पण लेकाचा फुललेला चेहरा बघून त्या नुसत्या हसल्या. मित्रांनो, एकदा असे हसले की दुसऱ्यांदा खरे बोलणे फार जड जाते.

गुडघे मात्र आकडा वाचत नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात गोजराबाई बुधवारी बाजारातून येताना वाटेत दोनदा बसू लागल्या. श्रावणात कमळाबाई शेजारीण त्यांची पिशवी धरून आली. दसऱ्यानंतर त्या गेल्याच नाहीत. रावजी बाजार करू लागले आणि जून भेंडी, कडू दोडके घरी आणू लागले. गोजराबाई ती भेंडी मोडून बघत आणि विचारत, "सायखेड्याची कोणी भेटली का?" रावजी म्हणत, "भाजी आणायला गेलतो का गप्पा हाणायला?" त्या भेंडी चिरायला घेत.

मार्गशीर्षात रावजी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आले तेव्हा गोजराबाई भिंत धरून आत आल्या. रावजींनी फाइल टेबलावर ठेवली आणि पुण्याला फोन लावला.

"सोमनाथ, मी सांगितलं डॉक्टरला, सातशे किलोमीटर झाले म्हणून. एवढ्यात ती नागपूरला पोचली असती! तर डॉक्टर म्हणे, एवढा व्यायाम करूनही गुडघे जर असे बिघडले, तर ही सायकल त्यांना सोसलीच नाही. आजपासून बंद. आता गोळ्या, आन् पुढं ऑपरेशन."

मी हे ऐकले आणि माझ्या पोलादाचे पाणी झाले. सातशेमधले त्यांचे अकरा! बाकीचे निफाडच्या मामांचे, कळवणच्या नवरदेवांचे, गल्लीतल्या पोरांचे! डॉक्टर, तुम्ही ज्यांचा व्यायाम बंद केलात त्यांनी तो सुरूच केला नव्हता हो! पण हे सांगायचे कुणी? कुणी पायडल मारले तर पट्ट्याचा खर्रखर्र आवाज होतो, तेवढीच माझी वाणी. त्या दिवशी मला कुणी हातही लावला नाही.

गोजराबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी फोन ठेवायची वाट पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, त्या सायकलीचं..."

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "रावजीभाऊ हायेत का घरात? आम्ही कळवणहून आलोय, मुलीचं बघायला!"

"या, या!" रावजी उठले. "अगं, चार कप टाक."

गोजराबाई भिंतीला धरत आत गेल्या. मी त्यांची पाठ बघत राहिले. इतके हतबल मला आयुष्यात कधी वाटले नाही.

चार दिवसांनी रावजींनी मला उचलून मागच्या पडवीत टाकले. सोसत नाही त्या यंत्राचे बैठकीत काय काम? तिथे आता शोकेस आले. आणि मी, मित्रांनो, अखेर नेमकी त्या जागी पोचले, जिथे मला ठेवा म्हणून त्या माउलीने इतक्यांदा विनवले होते. वर पत्रा, बाजूला भिंत, कुणाची नजर नाही.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी गोजराबाई तिथे आल्या. त्यांनी माझ्यावरचे फडके काढले, पदर कमरेला खोचला आणि पिंपाचा आधार घेऊन कशाबशा बसल्या. उजवा पाय खाली गेला. डावा वर येऊ लागला आणि अर्ध्यावर थांबला. गुडघा वाकेना. त्यांनी दात आवळले, पुन्हा जोर केला. पायडल अर्धे चढले आणि परत फिरले. तिसऱ्यांदाही तेच झाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. माझ्या अंगात तर काहीच जड नव्हते, पट्टा दुकानात होता तेवढाच सैल होता. मला त्यांना मदत करता येईना.

रावजी पाय धुवायला मागे आले आणि थबकले. "अगं, हे काय? डॉक्टरनं बंद सांगितलंय ना?"

"बंद करायला चालू कधी होती?" गोजराबाई हँडल धरूनच म्हणाल्या. "त्या सातशातले माझे दहा-अकरा असतील. बाकीचे तुमच्या पाहुण्यांचे."

ज्या रावजींना सगळ्या तालुक्यांच्या गाड्या तोंडपाठ होत्या, त्यांना हे गणित मात्र कधी सुचले नव्हते.

"मग... मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की," गोजराबाई शांतपणे म्हणाल्या. "आत घ्या म्हटलं होतं."

रावजी तिथेच खाली बसले. त्यांनी दोन्ही हातांनी बायकोची टाच धरली आणि पायडल हळूच वर न्यायला लागले. "आई गं," त्या कळवळल्या. "राहू द्या. आता नाही व्हायचं." रावजींनी हात काढला नाही. तसेच, टाच धरून, किती तरी वेळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे जाऊन सगळे खरे सांगून आले. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी असते तर गोष्ट वेगळी होती. ऑपरेशनला गोजराबाई काही तयार झाल्या नाहीत. या गोष्टीला आता सात-आठ वर्षे झाली. त्या काठी घेऊन पडवीपर्यंत येतात आणि माझ्या सीटवर हात टेकून जरा उभ्या राहतात. बुधवारी दुपारी गल्लीतून भरल्या पिशव्या घेऊन बायका जातात. त्यांचे बोलणे भिंतीपलीकडून ऐकू येते, तेवढे त्या ऐकतात.

मित्रांनो, मला तेल द्या, पुसा, असे मी म्हणणार नाही. माझे काय, मी लोखंडाची. पण घरात कुणासाठी काही आणलेत, तर आकडा वाचून खूश होऊ नका. ज्याच्यासाठी आणले त्याच्याजवळ घडीभर बसा आणि विचारा, तुला हे वापरता येते का? आणि तुमची आई हळू आवाजात म्हणाली, "एवढं आत घ्या ना," तर हातातले काम टाकून उठा आणि त्याच दिवशी आत घ्या. ती दुसऱ्यांदा म्हणेल, तिसऱ्यांदाही म्हणेल. पण तिचे गुडघे तोवर थांबत नाहीत.